रेड आवरबाक यांचे उन्हाळे

बास्केटबॉल हा आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या मैदानावरचा खेळ. अमेरिकेत तो मोठा धंदा आहे, आणि त्या धंद्याची वही उघडते ती हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात. कोणाला ठेवायचं, कोणाला दुसऱ्या संघाला द्यायचं, कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी कोणाला उचलायचं, यावर गावंच्या गावं हमरीतुमरीवर येतात. या वादांना जन्मभर पुरून उरलेला माणूस म्हणजे बॉस्टन सेल्टिक्सचे रेड आवरबाक.

त्यांचा जन्म २० सप्टेंबर १९१७ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील मिन्स्कहून आलेले ज्यू. कपडे ड्रायक्लीन करून देण्याचा त्यांचा व्यवसाय. मुलाचं नाव आर्नल्ड, पण तांबूस केसांमुळे सगळे रेड म्हणू लागले. काही काळ शाळेत मास्तरकी, मग युद्धात नौदल, आणि १९४६ पासून व्यावसायिक संघांचं प्रशिक्षण. १९४९-५० मध्ये ते ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्स या संघाकडे होते. मालक बेन कर्नर यांनी जॉन मान्केन हा त्यांचा आवडता खेळाडू त्यांना न विचारताच दुसऱ्या संघाला देऊन टाकला. हंगाम संपताच आवरबाक यांनी नोकरी सोडली. मी बँकेत उमेदीची सगळी वर्षं काढली. कर्ज मंजूर करणार एक आणि वसुलीसाठी धारेवर धरला जाणार दुसरा, हा प्रकार जवळून पाहिलेल्याला तो राजीनामा पटतो.

१९५० च्या उन्हाळ्यात ते बॉस्टनला आले. संघ त्या वर्षी २२ सामने जिंकून ४६ हरला होता. जवळच्याच होली क्रॉस कॉलेजचा बॉब कूझी हा गावाचा लाडका. तो संघात येणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आवरबाक यांनी त्याला डावलून चार्ली शेअर हा उंच सेंटर निवडला. वार्ताहर खवळले. पुढे कूझी ज्या शिकागोच्या संघाकडे गेला तो संघच बुडाला. उरलेल्या तीन खेळाडूंच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांच्या हाती कूझी लागला! तो तेरा हंगाम बॉस्टनला खेळला. शेअर मात्र सेल्टिक्सकडून एकही सामना खेळला नाही. त्याच्या बदल्यात आलेला बिल शारमन नावारूपाला आला. या वादात गाव बरोबर होतं आणि आवरबाक चूक, असंच माझं मत आहे. पण त्याच निवडीत सेल्टिक्सने चक कूपरलाही घेतलं. एनबीएच्या संघाने निवडलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

सहा वर्षं गेली. बॉस्टनचा संघ चपळ होता, गुणांचा पाऊस पाडायचा, पण फळ्यावरून उसळून आलेला चेंडू हाती घेणारा कोणी नव्हता. सान फ्रान्सिस्को विद्यापीठाचा बिल रसेल आवरबाक यांच्या डोळ्यांसमोर होता. पावणेसात फुटी, पण गुण काढण्यात फारसा नावाजलेला नाही. त्याचं सगळं मोल समोरच्याला गुण न मिळू देण्यात. असलं काम धावफलकावर दिसत नाही. बढतीच्या मुलाखतींत मी असे उमेदवार पाहिलेत, ज्यांच्या फायलीत लिहिण्याजोगं काही नसतं, पण ते रजेवर गेले की शाखा ठप्प होते.

निवडीचा दुसरा क्रमांक सेंट लुईसकडे होता, आणि मालक कोण, तर तेच बेन कर्नर. त्यांना एड मकॉली हवा होता, बॉस्टनचा हुकमी एक्का. वर क्लिफ हेगनही हवा होता. वॉल्टर ब्राउन यांचा पाय निघेना. तिढा सोडवला तो स्वतः मकॉलीनेच. सेंट लुईस त्याचं गाव, आणि त्याचं तान्हं मूल तिथे मेंदूच्या विकाराने आजारी. मला जाऊ द्या, असं त्यानेच मालकांना कळवलं. माणसांच्या देवाणघेवाणीच्या या बाजारात ज्याला द्यायचं त्यालाच विचारलं गेलं, असे प्रसंग थोडे. १९५७ च्या अंतिम लढतीत बॉस्टनने याच सेंट लुईसला सातव्या सामन्यात दोन गुणांनी हरवलं; १९५८ मध्ये सेंट लुईसने बॉस्टनला. त्या विजेत्या संघात मकॉली आणि हेगन दोघेही होते.

त्यानंतर १९६९ पर्यंत बॉस्टनने आणखी दहा अजिंक्यपदं मिळवली. १९६६ मध्ये आवरबाक प्रशिक्षकपदावरून उतरले आणि ती जागा त्यांनी रसेलला दिली. एनबीएमध्ये कृष्णवर्णीय माणसाला ती खुर्ची प्रथमच मिळाली. निवडीची सूत्रं मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवली.

इथून पुढे त्यांचा हात आखडला. १९७६ मध्ये पॉल सायलसने पगार वाढवून मागितला. त्यांनी तो दिला नाही, डेन्व्हरला धाडून दिलं. त्याचा जोडीदार डेव्ह काउन्स इतका खचला की हंगाम सुरू झाल्यावर बिनपगारी रजा घेऊन घरी बसला. ही काटकसर फार महागात पडली. १९७९ मध्ये नवे मालक जॉन ब्राउन यांनी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजून बॉब मॅकाडूला आणलं, आवरबाक यांना न विचारता! पुन्हा तेच. न्यूयॉर्कची नोकरी धरण्यापर्यंत ते आले होते. पण थांबले. त्याच उन्हाळ्यात त्यांनी मॅकाडूला डेट्रॉइटला दिलं आणि बदल्यात दोन निवडी घेतल्या. त्यातली एक १९८० मध्ये पहिल्या क्रमांकाची ठरली, आणि ती गोल्डन स्टेटला देऊन त्यांनी रॉबर्ट पॅरिश आणि केव्हिन मॅकहेल मिळवले. लॅरी बर्डला तर कॉलेजचं एक वर्ष शिल्लक असतानाच १९७८ मध्ये राखून ठेवलं होतं. १९८१, १९८४ आणि १९८६ ही तीन अजिंक्यपदं या तिघांची.

२८ ऑक्टोबर २००६ ला वयाच्या ८९ व्या वर्षी आवरबाक गेले. त्या हंगामात सेल्टिक्सने फक्त २४ सामने जिंकले. २००७ च्या उन्हाळ्यात पाच खेळाडू आणि दोन निवडी देऊन बॉस्टनने मिनेसोटाकडून केव्हिन गार्नेट घेतला, आणि पुढच्या वर्षी अजिंक्यपद जिंकलं. बॉस्टनच्या बाजूने तो सौदा डॅनी एन्जने केला, मिनेसोटाच्या बाजूने मॅकहेलने. दोघेही आवरबाक यांनीच निवडलेले.