कै. जयंत पांडुरंग नाईक : बहिरेवाडीचे पुत्र, गारगोटीचे गुरु

शाळा ही मुलाला गांवाबाहेर नेणारी वाट आहे, कीं सर्व गांवाला वर चढविणारी पायरी आहे? मुलांना शिकवूं पाहणाऱ्या प्रत्येक आईबापाला हा प्रश्न कधीं ना कधीं पडतोच. ज्यांनीं आपलें आयुष्य ह्याच प्रश्नासाठीं वेंचलें, त्या थोर शिक्षकाचें अल्पचरित्र ह्या महोत्सवाच्या प्रसंगीं वाचकांस सादर करीत आहों.

नाईक ह्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजीं कोल्हापूर संस्थानांत, आजरा तालुक्यांतील बहिरेवाडी ह्या खेड्यांत झाला. त्यांचें मूळ नांव विठ्ठल घोटगे. जयंत पांडुरंग नाईक हें नांव त्यांनीं पुढें घेतलें. तो मुलुख डोंगराळ व मुसळधार पावसाचा. गुरें राखणारा पोर शाळेंत बसला तर गुरांमागें जावें कोणीं, ही त्या काळीं खेड्यांतील खरी अडचण होती. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तेव्हां हा मुलगा दहा वर्षांचा होता. प्राथमिक शाळेपलीकडील विद्येसाठीं मात्र खेड्यांतल्या मुलास गांव सोडावेंच लागे. नाईकांनींहि तें सोडलें. पण त्यांच्या मनानें तें कधींच सोडलें नाहीं.

१९३० नंतरच्या कायदेभंगाच्या चळवळींत त्यांनीं कारावास सोसला. सुटका झाल्यावर मोठ्या शहराची वाट न धरतां त्यांनीं धारवाड जिल्ह्यांतील उप्पिन बेटगेरी ह्या खेड्यांत शिक्षणाचें व ग्रामसुधारणेचें काम हातीं घेतलें. लेखणीहि स्वस्थ नव्हती. सय्यद नुरुल्ला ह्यांच्यासह त्यांनीं लिहिलेला, ब्रिटिश अमदानींतील हिंदी शिक्षणाचा इतिहास १९४३ सालीं प्रसिद्ध झाला आणि अनेक पिढ्यांचे शिक्षक त्यावर अभ्यास करीत आले. १९४८ सालीं त्यांनीं मुंबईस भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. ती पुढें पुण्यास आली.

परंतु त्यांच्या मनांतील उत्तर साकार झालें तें भुदरगड तालुक्यांतील गारगोटी येथें. बहिरेवाडीसारखींच खेडीं भोंवतालीं असलेल्या ह्या गांवीं, डॉ. व्ही. टी. पाटील ह्यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह, त्यांनीं १९५२ सालीं विद्यापीठ उभारलें व त्यास पाटगांवच्या मौनी महाराजांचें नांव दिलें. उच्च विद्या विद्यार्थ्याच्या दाराशीं यावी, आणि शिकलेल्या मुलानें आपल्या शेताची व गांवाची लाज बाळगूं नये, हा त्यामागील हेतु. १९५६ सालीं मध्यवर्ती सरकारनें ज्या मोजक्या ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू केल्या, त्यांत गारगोटीची एक होती. त्यांच्या विदुषी पत्नी चित्राताई ह्यांनींहि येथें मनोभावें काम केलें.

पुढें दिल्लीनें त्यांना बोलाविलें. डॉ. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-चिटणीस झाले. गरिबाचीं व श्रीमंताचीं मुलें आपल्या परिसरांतील एकाच शाळेंत शेजारीं बसावींत आणि विद्येला हातांच्या कामाची जोड असावी, ह्या आयोगाच्या शिफारशी वाचतांना खेड्याची ओळख पटल्यावांचून राहत नाहीं. १९७४ सालीं त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

मानसन्मानानें मात्र त्यांची दृष्टि दिपली नाहीं. समता, गुणवत्ता व विद्यार्थ्यांची संख्या हीं तिन्ही एकदम साधणें आपल्या देशाला कसें अवघड जात आहे, हें त्यांनीं १९७५ च्या आपल्या ग्रंथांत निर्भीडपणें मांडलें. ज्या आयोगासाठीं ते झिजले, त्याच्या शिफारशींचें पुढें काय झालें ह्याचा परखड हिशेबहि त्यांनींच लिहिला; तो १९८२ सालीं, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. ३० ऑगस्ट १९८१ रोजीं त्यांचें देहावसान झालें होतें.

आपल्याच कामाचें अपुरेपण उघड सांगणारा मनुष्य विरळा. तो हिशेब अद्याप पुरा झालेला नाहीं. ज्या शाळेंत आपलीं मुलें जातात, तेथें शेजारच्या गरिबाचें मूलहि बसतें काय, एवढें जरी प्रत्येकानें आपल्या मनास विचारलें, तरी त्या पुण्यपुरुषाचें स्मरण सार्थ होईल.