एव्हरेस्टवर दुलई घालून गेलेले एनसीएलचे संचालक

माझा भाचा सप्टेंबरात ग्लासगोला शिकायला येतोय. दर रविवारी राजगड-तोरणा करणारा मुलगा, त्यामुळे विद्यापीठाच्या आधी त्याने स्कॉटलंडचे डोंगर बघून ठेवलेत. मागच्या आठवड्यात त्याने चार जॅकेटचे फोटो पाठवले आणि मामा, यातलं कुठलं घेऊ, असं विचारलं. चारही हलकी, फुगीर आणि घडी केली की मूठभर होणारी. उत्तर लिहायला बसलो आणि एका भलत्याच माणसाची गोष्ट लिहून झाली. तो माणूस पाच वर्षं आमच्या पुण्यात, पाषाण रोडवर कामाला होता. त्या फाटकासमोरून मी शाळेत असताना रोज बसने जायचो, पण त्याचं नाव मला कळलं ते इथे येऊन, पस्तिशी उलटल्यावर.

जॉर्ज इंगल फिंच. जन्म १८८८ चा, ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज नावाच्या गावात. मुलं लहान असतानाच कुटुंब युरोपात आलं आणि आई पॅरिसमध्येच राहिली. जॉर्जने झुरिकला रसायनशास्त्र शिकायला घेतलं आणि सुट्टीत भाऊ मॅक्सबरोबर आल्प्स पालथा घातला. तोही वाटाड्या न घेता. त्या काळच्या इंग्रज गिर्यारोहकांना हे फारसं रुचण्यासारखं नव्हतं. तिकडची मंडळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची, घरंदाज, एकमेकांना शाळेपासून ओळखणारी. हा वसाहतीतून आलेला, जर्मन सफाईने बोलणारा, केस वाढवलेला आणि वर कुणाचंही न ऐकणारा. तो लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकवत होता, पहिल्या महायुद्धात लढूनही आला होता, तरी त्यांच्या लेखी बाहेरचाच.

१९२१ मध्ये एव्हरेस्टची पहिली ब्रिटिश मोहीम निघाली. फिंचची निवड झाली आणि लगेच वैद्यकीय तपासणीत तो नापास ठरला. गंमत म्हणजे त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत, हवेचा दाब कमी केलेल्या खोलीत त्याची चाचणी झाली होती आणि तिथे त्याने उत्तम तग धरला होता. मोहीम त्याच्याशिवाय गेली. पुढच्या वर्षी मात्र त्याला घ्यावंच लागलं, कारण या वेळी प्राणवायूचे सिलिंडर न्यायचे होते आणि ती उपकरणं समजणारा माणूस हवा होता.

आता कोटाची गोष्ट. १९२२ च्या मोहिमेतले बाकीचे लोक लोकर, रेशीम, ट्वीड आणि गॅबर्डिन असे थरावर थर घालून गेले होते. फिंचने मात्र स्वतःच्या डोक्याने एक कोट शिवून घेतला. बाहेरून फुग्याचं, म्हणजे आकाशात उडणाऱ्या बलूनचं पातळ पण वारा न शिरणारं कापड, आत ईडर बदकाची मऊ पिसं आणि पिसं एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून वरून टाके. थोडक्यात, बाह्या लावलेली दुलई! त्या पोशाखात तो तळावर फिरू लागला तेव्हा बाकीच्यांची चांगलीच करमणूक झाली.

यात फिंचला जे कळलं होतं ते आपल्याकडच्या पिंजाऱ्याला कायम ठाऊक होतं. जुन्या गादीतला कापूस बसला की गादी थंड लागते. पिंजारी तोच कापूस पिंजून देतो आणि गादी पुन्हा उबदार होते. कापूस वाढलेला नसतो, त्यात अडकलेली हवा वाढलेली असते. ऊब त्या हवेची, कापूस फक्त तिला हलू देत नाही. बदकाची पिसं हेच काम कापसाच्या कितीतरी कमी वजनात करतात. वारा आत शिरून ती हवा हलवू नये म्हणून बाहेरून बलूनचं कापड. रसायनशास्त्राच्या माणसाने थंडीकडे हिशेबाचा प्रश्न म्हणून पाहिलं, इतकंच.

मे महिन्याच्या अखेरीस फिंच वर निघाला. बरोबर जॉफ्री ब्रूस हा तरुण अधिकारी, ज्याने त्याआधी गिर्यारोहण असं केलंच नव्हतं, आणि तेजबीर हा गुरखा जवान. सुमारे ७,८०० मीटरवर त्यांनी तंबू लावला आणि रात्री वादळ सुटलं. तंबू उडू नये म्हणून तिघं तो आतून धरून बसले. दुसरा दिवसही वाऱ्यामुळे तंबूतच गेला. संध्याकाळी खालच्या छावणीतून शेर्पा थर्मासमधून गरम पेय घेऊन वर पोहोचले. त्या हवेत वर चढून येणं म्हणजे काय, याचा विचार मी अनेकदा करतो. त्या रात्री थंडीने शरीर बधिर व्हायला लागलं तेव्हा फिंचने सिलिंडरचा प्राणवायू थोडाथोडा हुंगायची युक्ती काढली आणि अंगात ऊब परतली.

२७ मे ला सकाळी ते निघाले. थोड्याच उंचीवर तेजबीरची ताकद संपली आणि त्याला परत पाठवावं लागलं. फिंच आणि ब्रूस जवळपास ८,३२० मीटरपर्यंत गेले. तोवर कुणीही माणूस इतक्या उंचीवर चढला नव्हता. तिथे ब्रूसचं उपकरण बिघडलं. फिंचने स्वतःचा प्राणवायू त्याच्याबरोबर वाटून घेतला आणि नळी दुरुस्तही केली. पण पुढे गेलो तर हा पोरगा जिवंत परतणार नाही, हे त्याने ओळखलं. दोघं मागे फिरले. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला हाच सगळ्यात मोठा क्षण.

कोटाला आता कुणी हसत नव्हतं. अशी दुलई आपल्याकडेही असती तर, असंच सगळ्यांना वाटू लागलं होतं आणि फिंचने ते समाधानाने डायरीत नोंदवून ठेवलं.

पण १९२४ च्या मोहिमेत त्याला घेतलं नाही. स्वतःच्या फोटोंवर व्याख्यानं देऊन पैसे मिळवायचे की नाही यावरून त्याचं एव्हरेस्ट समितीशी वाजलं होतं, आणि तो मुळातच नको होता हेही खरं. त्या वर्षी मॅलरी आणि अर्विन वर गेले ते परतले नाहीत. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, अंगावर लोकर-रेशमाचेच थर. पुढे तसेच कपडे शिवून एव्हरेस्टवर वापरून पाहिले गेले. चालताना ते छान हलके आणि पुरेसे उबदार निघाले, पण रात्र उघड्यावर काढायची वेळ आली तर जीव वाचवण्यासारखे नव्हते. फिंचचा कोट नेमका त्या वेळेसाठी होता.

फिंच पुन्हा एव्हरेस्टवर गेला नाही. प्रयोगशाळेत रमला. पदार्थाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन पाडून त्याची रचना शोधण्याच्या कामात त्याने नाव मिळवलं, १९३८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. दुसऱ्या महायुद्धात आग लावणाऱ्या बॉम्बवर सरकारचा सल्लागार होता. आणि १९५२ मध्ये, निवृत्तीच्या वयात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा म्हणजे आपल्या एनसीएलचा संचालक म्हणून पुण्याला आला. १९५३ च्या मे मध्ये तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले, पाठीवर प्राणवायू आणि अंगात पिसांचे कपडे, म्हणजे ३१ वर्षांपूर्वी ज्यावरून फिंचशी वाद घातले गेले आणि ज्याला हसले, ते दोन्ही. तेव्हा तो आपल्या पुण्यातच नोकरीला होता! १९५७ ला तो इंग्लंडला परतला. १९५९ मध्ये त्याच अल्पाइन क्लबने त्याला अध्यक्ष केलं. १९७० मध्ये त्याचं निधन झालं.

तर भाच्या, तुझं जॅकेट. एव्हरेस्टची थंडी कोरडी असते, इथली ओली. मी पहिल्या वर्षी महागाचं पिसांचं जॅकेट घेऊन बेन लोमंडवर गेलो. चढताना तेच अंगात, आतून घाम आणि वरून पाऊस. माथ्यापर्यंत पिसांचे गोळे झाले, जॅकेट ओल्या पापडासारखं अंगाला चिकटलं आणि दात वाजत खाली आलो. बायको अजून तो विषय काढते. त्यामुळे तू पाठवलेल्यांपैकी कृत्रिम तंतू भरलेलं, तिसऱ्या फोटोतलं घे. भिजलं तरी थोडीफार ऊब धरतं. पिसांचंच घ्यायचं असेल तर ६००, ८०० असे जे आकडे लिहिलेले असतात ते पिसं किती फुगतात एवढंच सांगतात, आत किती ग्रॅम भरलीत ते वेगळं बघावं लागतं. माप एक नंबर मोठं घे, म्हणजे सगळ्या कपड्यांवरून चढवता येईल. टोपी जोडलेलीच हवी. आणि चालताना ते पिशवीत ठेवायचं, थांबलास की लगेच घालायचं.

निघण्याआधी एकदा पाषाण रोडला जाऊन त्या फाटकासमोर उभा राहा आणि मला फोटो पाठव. आणि येताना आजीकडून चकलीची भाजणी आण, जॅकेट इथेही मिळतं.