बालगंधर्वांची रुक्मिणी नऊवारी का नेसायची?

रुक्मिणी महाभारतकाळातली, पण १९१६च्या ‘संगीत स्वयंवर’मध्ये ती नऊवारी नेसून रंगमंचावर आली. ही भूमिका करत होते बालगंधर्व, म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म १८८८चा.

इतिहासाच्या कसोटीवर हा वेश टिकत नाही. पण त्यामुळेच विदर्भाची ही राजकन्या प्रेक्षकांना आपल्या घरातली वाटली. त्यांची नेसण्याची पद्धत, दागिने, गजरे यांचं बायकांनी अनुकरण केलं.

या देखणेपणाची किंमत मोठी होती. १९१३मध्ये स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी भरजरी शालू, उंची अत्तरं अशा खर्चापायी कर्जात बुडाली. १९३५मध्ये ते ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांच्या साध्या वेशात दिसले. १९६७मध्ये त्यांचं निधन झालं. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र नऊवारीतली रुक्मिणीच.