मसूर ते न्यूयॉर्क : एका विद्यार्थ्याचा प्रवास



शिक्षणासाठी मुलगा किंवा मुलगी परगावी, परदेशी निघाली की आईवडिलांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पैशांचा आणि दुसरा येतो तो माणसांचा. तिथे त्याला कोण जवळ करील? परदेशी शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याचे जीवन आज आपण पाहू. त्याच्या कथेची सुरुवात आपल्याच खटाव तालुक्याच्या वाटेवर होते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यास आले. तेथेच आई भीमाबाई वारल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. पुढे हीच शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्या काळी दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे सरकारने तलावाचे काम काढले होते. रामजी तेथे खजिनदार होते. १९०१ साली सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून आनंदाने आगगाडीत बसले व मसूर स्टेशनवर उतरले. येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. मुले महाराची आहेत हे कळताच गाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. शिदोरी जवळ होती, पाणी मात्र वाटेत कोणी दिले नाही. टोलनाक्यावर रात्र काढून मुले दुसऱ्या दिवशी तहानलेली गोरेगावास पोहोचली. हा प्रसंग आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. पत्नी रमाबाईंना मागे ठेवून ते बोटीने निघाले आणि जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. पहिली, ज्ञान. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असे जे मिळेल ते त्यांनी अभ्यासले. अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूई यांचा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. तेथे एका टेबलाशी बसून जेवताना, एका वसतिगृहात राहताना कोणी जात विचारली नाही. नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा जन्माचा मित्र झाला. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्या काही वर्षांत पुसून गेली. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले, ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरील आपला निबंध त्यांनी तेथे वाचला आणि मग ते लंडनला गेले.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान व पुस्तके असलेले जहाज पाणबुडीने बुडवले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला घर नव्हते. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास बजावले. तेव्हा ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. आंबेडकरांना ठेवले तर नोकर सोडून जातील, असे तो म्हणाला. दुसरा ख्रिस्ती होता. पत्नीला विचारून सांगतो, असे म्हणून त्याने वेळ मारून नेली. मूळचे ब्राह्मण असलेल्या त्या घरात बाप्तिस्म्यानंतरही जात शिल्लक होती. परदेशातून मोठी पदवी घेऊन आलेला तो तरुण काही तास बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला.

तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी. मिळाली, तोवर ते बॅरिस्टरही झाले होते. १९२७ मध्ये कोलंबियाने पीएच.डी. दिली. पुढे ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, हे सर्वांना ठाऊक आहे.

बंधुभगिनींनो, या कथेतील गाडीवाला व काठीवाले यांना दोष देणे सोपे आहे. आपण मात्र त्या ख्रिस्ती मित्राजवळ थोडे थांबू या. तो वाईट माणूस नव्हता. त्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही, फक्त दार उघडले नाही. अंतिम न्यायाच्या वेळी, परका असताना मला घरात घेतले का, असे प्रभू विचारणार आहे. आपले मूल दूर देशी कोणीतरी जवळ करावे अशी प्रार्थना आपण करतो. मग आपल्या गावात खोली शोधत आलेल्या दुसऱ्याच्या मुलाला आपण आधी काय विचारतो? त्याचे नाव की त्याचे आडनाव?