विश्लेषण : कमी ऐकू येणाऱ्या बीथोव्हेनला मोठा आवाज का सोसवत नसे?

११ मे १८०९ च्या रात्री नेपोलियनच्या सैन्याने व्हिएन्नावर तोफा डागायला सुरुवात केली. जो तो आडोसा शोधत होता. लुडविग व्हान बीथोव्हेनही भाऊ कास्परच्या घरी तळघरात जाऊन बसला. जिवाची भीती सगळ्यांनाच होती; पण त्याचा शिष्य फर्डिनांड रीस याने नोंदवलेला तपशील वेगळा आहे. तोफांचा आवाज कानावर पडू नये म्हणून बीथोव्हेनने डोक्याभोवती उश्या दाबून धरल्या होत्या. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता आणि त्याची श्रवणशक्ती ढासळू लागून दहा वर्षे झाली होती. ज्याला मुळातच कमी ऐकू येते, त्याने कान कशाला झाकायचे?

त्रास कधी सुरू झाला?

बीथोव्हेनचा जन्म १७७० चा, जर्मनीतील बॉन शहरातला. १७९२ मध्ये तो व्हिएन्नाला आला आणि काही वर्षांतच पियानोवादक म्हणून त्याचे नाव झाले. कानांची तक्रार सुरू झाली ती १७९८ च्या सुमारास. तीन वर्षे त्याने ती जवळपास कुणालाच सांगितली नाही. १८०१ च्या उन्हाळ्यात मात्र त्याने दोन जवळच्या मित्रांना पत्रे लिहून मन मोकळे केले. त्यांतला एक, फ्रान्त्स वेगेलर, हा डॉक्टर होता. त्यामुळे त्याला लिहिलेले पत्र आज एखाद्या केसपेपरसारखे वाचता येते.

कानात रात्रंदिवस गुणगुण आणि घोंघाट चालतो. नाटकातले संवाद कळायचे तर वाद्यवृंदाला अगदी खेटून बसावे लागते. थोडे लांब गेले की वाद्यांचे आणि गायकांचे उंच पट्टीतले सूर येत नाहीत. कुणी हळू बोलले तर आवाज कळतो, पण शब्द कळत नाहीत. आणि कुणी ओरडून बोलले, तर तेही सहन होत नाही. दोन वर्षे त्याने लोकांत मिसळणे टाळले होते, कारण ऐकू येत नाही हे सांगायचे कसे, हा प्रश्न होता. दुसरा कुठलाही व्यवसाय असता तर एक वेळ चालले असते. संगीतकाराने हे कबूल करणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे.

ओरडणे का सोसवत नव्हते?

माणसाच्या प्रत्येक कानात, अंतर्कर्णाच्या शंखाकृती भागात, सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगांमधल्या पेशी ॲम्प्लिफायरचे काम करतात. क्षीण आवाज त्या वाढवून पुढे पाठवतात आणि मोठा आवाज आला की हात आखडता घेतात. वय, औषधे, आजार किंवा सततचा गोंगाट यांमुळे या पेशी मेल्या की क्षीण आवाज ऐकूच येत नाहीत. पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे वाटत राहतात. म्हणजे ऐकू येण्याची खालची मर्यादा वर सरकते, असह्य होण्याची वरची मर्यादा मात्र तिथेच राहते. मधली जागा अरुंद होते. घरातले आजोबा आधी ‘मोठ्याने बोल’ म्हणतात आणि मोठ्याने बोलले की ‘ओरडतोस कशाला’ म्हणून चिडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. वैद्यकीय भाषेत याला ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात. बीथोव्हेनच्या पत्रातली लक्षणे याच्याशी बरीच जुळतात. मेलेल्या केशपेशी माणसाच्या शरीरात पुन्हा तयार होत नाहीत. तेव्हा उरलेले ऐकणे सांभाळण्याला पर्याय नसतो.

उपचार काय झाले?

एका डॉक्टरने कानात बदामाचे तेल घातले. दुसऱ्याने डॅन्यूबच्या कोमट पाण्यात स्नाने करायला लावली, दंडांवर झाडाची साल बांधून फोड आणले. कार्ल चेर्नी हा पुढे प्रसिद्ध झालेला पियानोवादक लहानपणी त्याच्याकडे शिकायला गेला, तेव्हा त्याला बीथोव्हेनच्या दोन्ही कानांत पिवळसर औषधात भिजवलेले कापसाचे बोळे दिसले होते. (तो कापूस औषधाचा होता, संरक्षणाचा नव्हे. आपल्याकडे ढोल-ताशा पथकांतले काही वादक कोरड्या कापसाचे बोळे घालतात. त्याने आवाज फारसा अडत नाही.)

या सगळ्यांत शहाणा सल्ला योहान श्मिट या डॉक्टरचा. त्याने औषधांपेक्षा कानांना विश्रांती देण्यावर भर दिला. त्यासाठी १८०२ चा उन्हाळा बीथोव्हेनने व्हिएन्नाबाहेरच्या हायलिगेनश्टाट या शांत खेड्यात काढला. तिथेच ६ ऑक्टोबर रोजी त्याने भावांच्या नावे ते प्रसिद्ध पत्र लिहिले. सोबतच्या माणसाला दूरवरची बासरी ऐकू येते आणि आपल्याला नाही, या अपमानाने आत्महत्येच्या टोकापर्यंत गेल्याचे त्यात आहे. पत्र त्याने कधीच पाठवले नाही. ते मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले.

पण त्याचे संगीत तर मोठमोठे होत गेले?

हा या चरित्रातला सर्वात चमत्कारिक भाग. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात पाचवी सिम्फनी प्रथम वाजली. तिच्या शेवटच्या भागात बीथोव्हेनने तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही वाद्ये आणली. त्या काळी सिम्फनीत ती सहसा नसत. ट्रॉम्बोनचा मारा पुढे बसलेल्यांवर होतो, पिकोलोची शिट्टी वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या कानाशी. पुढे वाग्नर आणि इतरांनी वाद्यवृंद आणखी फुगवला.

त्याची किंमत वादक आजही मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, असा एक प्रचलित निकष आहे. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये वाग्नरच्या एका ऑपेराच्या तालमीत व्हायोला वाजवणारा वादक पितळी वाद्यांच्या थेट पुढ्यात बसला होता. त्याच्या कानांना कायमची इजा झाली. कलेसाठी एवढे चालायचेच, हा बचाव न्यायालयाने २०१८ मध्ये मानला नाही. अपिलातही संस्था हरली. वादकांसाठी आता सर्व पट्ट्यांतला आवाज सारखाच कमी करणारे खास बोळे मिळतात. साध्या फोमच्या बोळ्यांनी उंच सूर जास्त दबतात आणि आपले वाद्य सुरात आहे की नाही तेच कळेनासे होते, म्हणून वादक ते काढून ठेवतात.

वाजवताना त्याचे काय होत असे?

डिसेंबर १८१३ मध्ये जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत बीथोव्हेनने स्वतः संचालन केले. वाद्यवृंदात बसलेल्या लुई श्पोर या व्हायोलिनवादकाच्या आठवणींनुसार, एका अतिहळू जागी वाद्यवृंद मागे राहिला आणि बीथोव्हेन दहा-बारा मात्रावर्तने पुढे निघून गेला, कारण तो भाग त्याला ऐकूच येत नव्हता. मोठा आवाज सुरू झाल्यावरच तो भानावर आला. पुढे एका तालमीत श्पोरने त्याचा पियानो ऐकला. जोरकस जागी तारा खणखणेपर्यंत ठोकणे आणि हळुवार जागी इतका मऊ स्पर्श, की सुरांचे पुंजकेच्या पुंजके गायब. वर सांगितलेली अरुंद जागा इथे दिसते.

लिखाणातही त्याची छाया सापडते. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका अभ्यासाने त्याच्या स्ट्रिंग क्वार्टेटमधल्या पहिल्या व्हायोलिनचे सूर मोजले. १५६८ हर्ट्झच्या वरचे सूर सुरुवातीच्या रचनांत ८ टक्के, १८१० च्या आसपास २ टक्के आणि शेवटच्या रचनांत पुन्हा ४ टक्के. बाहेरचे पूर्ण बंद झाल्यावर तो केवळ मनातल्या सुरांवर लिहू लागला, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मेट्रोनोममुळे प्रसिद्ध असलेल्या मेल्झेलने त्याला ऐकण्यासाठी धातूचे कर्णे करून दिले. लंडनहून ब्रॉडवुड कंपनीने दणकट पियानो पाठवला. १८१८ पासून लोक त्याच्याशी वह्यांत लिहून बोलू लागले. त्यातल्या शंभराहून अधिक वह्या उरल्या आहेत. ७ मे १८२४ रोजी नववी सिम्फनी झाली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट त्याच्या पाठीमागे चालू होता आणि गायिका कारोलिने उंगर हिला त्याला श्रोत्यांकडे वळवावे लागले.

नेमके कारण कळले का?

२६ मार्च १८२७ रोजी बीथोव्हेन गेला. दुसऱ्या दिवशी डॉ. योहान वाग्नर यांनी शवविच्छेदन केले, त्यात श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्या. २०२३ मध्ये त्याच्या केसांतल्या डीएनएचा अभ्यास झाला. यकृताच्या आजाराचा धोका दिसला, बहिरेपणाचे कारण सापडले नाही. पुढच्या वर्षी केसांत भरपूर शिसे मिळाले. त्याचा कानांवर परिणाम झाला असू शकतो, एवढेच त्यावरून म्हणता येते. अंतर्कर्ण ज्यात असतो ती कानशिलाची दोन्ही हाडे शवविच्छेदनात पुढच्या तपासणीसाठी बाजूला काढली होती. ती नंतर हरवली.