मान्यतेआधीची पदवी : महर्षी कर्वे यांनी घडविलेले महिला विद्यापीठ

आनेकल (बेंगळुरू) : नवा अभ्यासक्रम किंवा नवी पदवी सुरू करावयाची झाल्यास आज विद्यापीठाला ठरलेल्या वाटेने जावे लागते. अभ्यास मंडळ आराखडा करते, विद्या परिषद त्याला संमती देते. पदवीचे नावही विद्यापीठ अनुदान आयोगाने अधिसूचित केलेल्या यादीतलेच असावे लागते. या सर्वांच्या आधी विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेले असणे आवश्यक असते. आनेकल तालुक्यातील अलायन्स विद्यापीठ आणि सर्जापूर येथील अझीम प्रेमजी विद्यापीठ ही दोन्ही खासगी विद्यापीठे कर्नाटकाने २०१० मध्ये केलेल्या कायद्यांनी अस्तित्वात आली. मात्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या हिंगणे येथे यातील एकही आधार नसताना एका निवृत्त गणित प्राध्यापकाने विद्यापीठ उभे केले, त्याचा अभ्यासक्रम ठरविला आणि पदव्याही दिल्या. ते होते महर्षी धोंडो केशव कर्वे.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. बालपण मुरूड या समुद्रकाठच्या गावी साध्या परिस्थितीत गेले. परीक्षा आणि पात्रता यांचा निर्णय इतरांच्या हाती असतो, हे त्यांना कोवळ्या वयातच कळले. शालेय परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला पोहोचले. परंतु लहानखुऱ्या चणीमुळे त्यांचे वय कमी असल्याचे ठरवून परीक्षकांनी त्यांना बसू दिले नाही. आल्या वाटेने परतावे लागलेल्या या मुलाने पुढे १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक आणि १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषयात पदवी मिळविली.

मुंबईत मुलींच्या शाळांत काही काळ अध्यापन केल्यानंतर १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या आनंदीबाई यांनी संसाराबरोबरच पतीच्या कार्याचाही भार वाहिला. १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावरील झोपडीत गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालयाची भर पडली.

विद्यापीठाची कल्पना अनपेक्षितपणे आली. १९१५ मध्ये टपालाने जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्याकडे आली. टोकियोत १९०१ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेचा वृत्तांत त्यांनी प्रथम चाळून बाजूला ठेवला. पुढे डिसेंबरमध्ये मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदाचे निमंत्रण आले आणि भाषणाच्या तयारीत त्या पुस्तिकेकडे पुन्हा लक्ष गेले. वयाच्या ५७व्या वर्षी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, त्यांनी अध्यक्षपदावरून महिला विद्यापीठाची योजना मांडली.

आक्षेप लगेच आले. सरकारी सनद नसलेल्या विद्यापीठाची पदवी कोण मानणार, हा पहिला प्रश्न होता. दुसरा अधिक मूलगामी होता : स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचा अभ्यासक्रम ठरणार नाही काय? कर्वे यांची मांडणी व्यवहारी होती. त्या काळच्या मुंबई विद्यापीठाचे शिक्षण इंग्रजीतून चाले, आणि परक्या भाषेच्या ओझ्याखाली मोजक्याच मुली पदवीपर्यंत पोहोचत. जिला ती वाट खुली आहे तिने त्याच वाटेने जावे. जिला ती बंद आहे तिच्यासाठी दुसरी वाट असावी, अशी त्यांची भूमिका होती.

विद्यापीठाच्या सिनेटची पहिली बैठक ३ जून १९१६ रोजी झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू झाले. भांडारकर हे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक आणि त्याचे माजी कुलगुरू. सनद नसलेल्या संस्थेला या दोघांच्या विद्वत्तेचाच काय तो आधार होता.

अभ्यासक्रमात मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम ठरले. इंग्रजी विषय म्हणून सक्तीची राहिली. आरोग्यशास्त्र, गृहशास्त्र आणि मानसशास्त्र यांना स्थान मिळाले. महात्मा गांधी यांना इंग्रजी ऐच्छिक असावी असे वाटत होते. कर्वे यांनी ते मान्य केले नाही. बाहेरच्या जगाचे दार मुलींना बंद होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. मतभेद राहिले तरी गांधीजींनी आपली सहानुभूती काढून घेतली नाही. मात्र स्त्रीचे मुख्य क्षेत्र घर आहे, ही त्या काळाची धारणा या अभ्यासक्रमातही होती. पुढे विषयांचा विस्तार होत गेला, तशी ही चौकट सैल झाली.

पदव्यांची नावेही नवी घडविण्यात आली. बी. ए.च्या तोडीची पदवी 'गृहीतागमा', म्हणजे विद्या ग्रहण केलेली, तर तिच्या पुढची पदवी 'प्रदेयागमा'. ५ जुलै १९१६ रोजी हिंगण्यात महाविद्यालय सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी होत्या केवळ पाच. १९१९ मध्ये वारुबाई शेवडे या पहिल्या पदवीधर झाल्या.

शिक्षण खरे असले तरी पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. सरकारी नोकरी किंवा इतर विद्यापीठांतील प्रवेश यांसाठी ती मानली जात नसे, आणि या पदवीसाठी तीन वर्षे देणाऱ्या मुलींना व त्यांच्या कुटुंबांना हे ठाऊक होते. कर्वे यांच्या उपक्रमातील खरी जोखीम या विद्यार्थिनींनी उचलली. संस्था टिकविण्यासाठी कर्वे गावोगाव फिरून वर्गणी जमवीत राहिले.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि संस्थेला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. गुजरातेतील महाविद्यालये जोडली गेली. १९२९ मध्ये सत्तरी ओलांडलेले कर्वे विद्यापीठाचा परिचय करून देण्यासाठी परदेश दौऱ्यावर निघाले. बर्लिनमध्ये त्यांची अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. ज्या देशातील पुस्तिकेने प्रेरणा दिली त्या जपानलाही त्यांनी याच दौऱ्यात भेट दिली. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला गेले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये कायदा केला आणि १९५१ मध्ये या विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला. पहिल्या पाच विद्यार्थिनींनी प्रवेश घेतल्यापासून मान्यता येईपर्यंत ३५ वर्षे लोटली होती. कर्वे तेव्हा ९३ वर्षांचे होते. १९५८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांना भारतरत्न प्रदान करण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या १०४व्या वर्षी त्यांचे पुण्यात निधन झाले.

हिंगण्याचा तो माळ आज पुणे शहरात सामावला असून कर्वेनगर या नावाने ओळखला जातो. आता नव्या अभ्यासक्रमाला आधी मान्यता मिळते आणि नंतर विद्यार्थी येतात. हिंगण्यात विद्यार्थिनी आधी आल्या. मान्यता त्यांच्या मागून आली.