म्हातारं जहाज आणि सोलापूरचा कंत्राटदार

दर वर्षी ५ एप्रिलला आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. आपल्याकडे तेव्हा सबमिशनची धावपळ चालू असते. जर्नल पूर्ण करायची, सरांच्या सह्या मिळवायच्या, या गडबडीत समुद्र कोणाला आठवणार! पण मित्रांनो, ही तारीख ज्या घटनेवरून ठरली ती घटना एका जुन्या, सेकंडहँड जहाजाची आहे. आणि ते जहाज विकत घेऊन पुन्हा पाण्यावर चालवण्याची हिंमत करणाऱ्या माणसाची आहे. त्या माणसाचं नाव शेठ वालचंद हिराचंद.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या हिस्टरीच्या पुस्तकात वास्को द गामा होता, ईस्ट इंडिया कंपनी होती, जेम्स वॉटचं स्टीम इंजिनही होतं. सोलापूरच्या वालचंदांवर मात्र एक ओळ नव्हती. मेकॅनिकलला आल्यावर लायब्ररीतून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं. माझ्या मराठीत मधे मधे इंग्रजी शब्द घुसले तर सांभाळून घ्या.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळचं गुजरातचं, दिगंबर जैन, पण सोलापुरात स्थायिक झालेलं. वडिलांचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय. आई लहानपणीच गेली. मॅट्रिक झाल्यावर वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचा जीव रमेना. त्याच सुमारास त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, कंत्राटाच्या कामातली खाचखोच त्यांना ठाऊक होती. भांडवल वालचंदांचं आणि अनुभव फाटकांचा, अशी जोडी जमली. बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली आणि हळूहळू वालचंद पक्के कंत्राटदार बनले. विचार करा, ज्याच्याकडे इंजिनिअरिंगची तर सोडाच, कुठलीच डिग्री नव्हती, तो माणूस पुढे आपल्यासारख्या कितीतरी इंजिनिअरांना काम देणार होता!

आता त्या जहाजाकडे वळू. त्याचं पहिलं नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस इथल्या यार्डात ते बांधलं गेलं, १८९० मध्ये पाण्यात उतरलं आणि १८९१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेत दाखल झालं. पांढरा रंग, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या. आत ट्रिपल एक्स्पान्शन स्टीम इंजिनं, मागे दोन प्रोपेलर, वेग साधारण १६ नॉट. ज्यांनी थर्मलचा पेपर दिलाय त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. ट्रिपल एक्स्पान्शन म्हणजे एकच वाफ एकामागून एक तीन सिलिंडरमध्ये प्रसरण पावते. आधी हाय प्रेशर, मग मधलं, मग लो प्रेशर. त्यामुळे त्याच कोळशात जास्त काम मिळतं. त्या काळात हे लेटेस्ट तंत्रज्ञान होतं. लिव्हरपूलहून सुएझमार्गे हाँगकाँग, तिथून पॅसिफिक ओलांडून व्हँकुव्हर, असा त्याचा पहिला प्रवास झाला. नंतर व्हँकुव्हर, जपान, चीन या मार्गावर ते वीसहून जास्त वर्षं चाललं.

पण यंत्र कितीही देखणं असलं तरी काळ थांबत नाही. या जहाजाचं ग्रॉस टनेज सहा हजारांच्या आतलं, आणि १९१२ मध्ये निघालेली टायटॅनिक छेचाळीस हजारांची! आजच्या सगळ्यात मोठ्या क्रूझ जहाजांचं टनेज तर दोन लाखांच्या वर गेलंय. थोडक्यात, एकेकाळची ही महाराणी पहिल्या महायुद्धापर्यंत लहान आणि म्हातारी ठरली होती. १९१४ च्या अखेरीस ती ग्वाल्हेरच्या महाराजा माधवरावांनी घेतली. नाव बदलून लॉयल्टी ठेवलं आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचं हॉस्पिटल शिप केलं. युद्ध संपलं, आणि हॉस्पिटल शिपची गरजही संपली.

चरित्रांत असं सांगतात की १९१९ च्या सुरुवातीला वालचंद दिल्लीहून मुंबईला रेल्वेने येत होते. त्या प्रवासात एका ओळखीच्या गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या आणि लॉयल्टी विकायला काढली असल्याचं कळलं. मुंबईला उतरल्यावर वालचंद घरी न जाता सरळ गोदीत जहाज बघायला गेले. तेव्हा त्यांचं वय ३६ होतं. रेल्वेचे रूळ टाकणारा माणूस, जहाजाच्या धंद्याचा काडीचा अनुभव नाही, आणि निघाला जहाज घ्यायला!

आता कोणी म्हणेल, जहाज घेतलं त्यात काय मोठं? तर तेव्हाची परिस्थिती बघा. आपला माल आणि आपली माणसं समुद्रावरून न्यायची ती जवळजवळ सगळी इंग्रजांच्या जहाजांतून. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या कंपन्यांचं राज्य होतं. परदेशी समुद्रावर सोडाच, मुंबई ते रंगून या आपल्याच किनाऱ्याच्या वाहतुकीतही आपल्याला जागा नव्हती. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जहाजांचा प्रयत्न केला होता. पी अँड ओने भाड्याचे दर इतके पाडले की टाटांना माघार घ्यावी लागली. १९०६ मध्ये तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी कंपनी काढली. त्यांना सरकारने तुरुंगात टाकलं आणि कंपनी बुडाली. म्हणजे वालचंदांसमोर दोन मोठी उदाहरणं होती, आणि दोन्ही अपयशाची.

तरी त्यांनी नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास, किलाचंद देवचंद या मुंबईतल्या मातब्बर मंडळींना तयार केलं. मार्च १९१९ मध्ये कंपनी रजिस्टर झाली. नाव ठेवलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, ग्वाल्हेरच्या घराण्यावरून. सिंदिया म्हणजे आपले शिंदेच, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. म्हणजे कंपनीच्या इंग्रजी नावातही एक मराठी आडनाव लपलेलं होतं.

जुनं जहाज पुन्हा सेवेत आणणं म्हणजे हॉस्टेलवर सीनियरची जुनी बाईक घेऊन प्लग बदलण्याइतकं सोपं नसतं. आधी ड्राय डॉकमध्ये घेऊन तळ खरवडायचा. पत्रे कुठे गंजून पातळ झालेत, रिव्हेट कुठे सैल झालेत ते ठोकून बघायचं. बॉयलरच्या ट्यूब तपासायच्या, प्रेशर टेस्ट घ्यायची, कारण बॉयलर फुटला तर समुद्रात गॅरेज नसतं! शाफ्ट, बेअरिंग, पंप, लाईफबोटी, सगळं पाहायचं. लॉयल्टीच्या बाबतीत तर हॉस्पिटलचं पुन्हा प्रवासी जहाज करायचं होतं. आणि एवढं करूनही इंजिनाचं वय तेच राहतं. तीस वर्षांपूर्वीच्या डिझाइनचं इंजिन नव्या इंजिनांच्या मानाने जास्त कोळसा खातं, माल ठेवायला जागा कमी देतं, म्हणजे प्रत्येक फेरीत खर्च जास्त आणि कमाई कमी.

तरीही ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली. देशात रौलेट कायद्याविरुद्ध वातावरण तापलं होतं, दुसऱ्याच दिवशी गांधीजींच्या हाकेने हरताळ झाला आणि आठवड्याभरात जालियनवाला बाग घडलं. त्या दिवसांत भारतीय मालकीचं जहाज इंग्लंडच्या वाटेला लागलं. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासासाठी.

आता जे सांगते ते सागरी दिनाच्या भाषणात सहसा कोणी सांगत नाही. लॉयल्टी चालली नाही. युद्धानंतर जहाजांची टंचाई होती तोवर ठीक होतं, पण लवकरच मंदी आली, भाडी कोसळली. १९२१ मध्ये ती मुंबईत नांगरून ठेवली गेली आणि १९२३ मध्ये भंगारात निघाली. जेमतेम दोन वर्षांची दुसरी इनिंग! बॅलन्सशीटवर बघितलं तर हा आतबट्ट्याचा व्यवहार होता.

मग वालचंद चुकले का? मला तसं वाटत नाही. त्यांना हवी तेव्हा नवी जहाजं मिळणार नव्हती. युद्धात असंख्य जहाजं बुडाली होती, जी बांधली जात होती ती इंग्रजांच्या यार्डात, इंग्रज कंपन्यांसाठी. चांगल्या जहाजाची वाट बघत बसले असते तर कंपनीच उभी राहिली नसती. लॉयल्टीने नफा दिला नाही, पण कंपनीला जन्म दिला. एकदा पाय आत पडल्यावर सिंदियाने मालवाहू जहाजं घेतली आणि किनाऱ्यावरच्या वाहतुकीत उतरली. मग अपेक्षेप्रमाणे दरयुद्ध सुरू झालं. ब्रह्मदेशच्या तांदळाचं भाडं पाडून सिंदियाला गुदमरवायचा प्रयत्न झाला, कंपनी विकत घ्यायची ऑफरही आली. ती नाकारली. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला आणि त्यात सिंदियावर बंधनं आली. किनाऱ्यापुरतंच राहायचं, प्रवासी घ्यायचे नाहीत. करार अपमानाचा होता, पण कंपनी जिवंत राहिली. टाटा आणि चिदंबरम यांच्या वेळी नेमकं तेच जमलं नव्हतं.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि वालचंद चेअरमन झाले. पुढे कोकणातल्या लोकांना मुंबईला आणणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंदियाच्या हाताखाली आली. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवली गेली. ज्या मागणीसाठी तीस वर्षं भांडण चाललं ती अशी पूर्ण झाली.

जुन्या जहाजाचा धडा वालचंद विसरले नाहीत, असं मला वाटतं. दुसऱ्याची जहाजं विकत घेऊन किती दिवस चालणार? म्हणून त्यांनी विशाखापट्टणमला स्वतःचा शिपयार्ड काढला. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. १९४२ मध्ये जपान्यांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. आणि १४ मार्च १९४८ ला जल उषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. परक्या यार्डातली म्हातारी लॉयल्टी ते आपल्या यार्डातली कोरी जल उषा, हे अंतर २९ वर्षांचं आहे.

बाकी कामांची यादी मोठी आहे. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे हे त्यांचं सुरुवातीचं मोठं काम, म्हणजे पुणे-मुंबई करताना आपण आजही वालचंदांच्या कामातून जातो. वालचंदनगर आणि रावळगावचे साखर कारखाने. १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट, आणि त्याचं मूळही एका प्रवासात अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी झालेल्या ओळखीत! कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाईल्स, जिची पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव आहे हे तर आपल्या सगळ्यांना माहीतच आहे.

ते संत नव्हते. नफ्यासाठी धंदा करत होते आणि ते लपवतही नव्हते. विमानाचा कारखाना सरकारने युद्धकाळात ताब्यात घेतला. १९५२ मध्ये शिपयार्डमध्येही सरकार मुख्य भागीदार झालं. शेवटची वर्षं आजारपणात गेली. १९५० मध्ये ते निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. सिंदियाची जहाजं आज धावत नाहीत. पण बंगलोरचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमचा शिपयार्ड चालू आहे, आणि तिथे आपले सीनियर्स नोकरीला जातात.

आपण प्रोजेक्टसाठी नेहमी म्हणतो की लॅबमधली मशिनं जुनी आहेत, सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन नाही, फंड मिळाला की बघू. तक्रार खरी असते. पण वालचंदांकडे तरी काय होतं? अठ्ठावीस वर्षांचं एक जहाज, आणि समोर जगातल्या सगळ्यात बलाढ्य जहाज कंपन्या. ते जहाज फार टिकणार नाही हे कोळशाचं बिल बघणाऱ्या कोणालाही कळलं असतं. त्यांनी ते टिकण्यासाठी घेतलंच नव्हतं, सुरुवात करण्यासाठी घेतलं होतं. आणि सुरुवातीला तेवढं पुरलं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी